कॉफीची पुडी वाचा

आपल्या पारशिवनीकडे घरोघरी चहाच होतो. कॉफी होते ती खाशा वेळी. जावई आला, व्याही आले, रात्री भजन बसले, की घरची बाई म्हणते, "आज कापी करू." दूध उकळते. त्यात साखर पडते, कॉफी पडते, चिमूटभर जायफळ पडते. वास ओसरीपर्यंत येतो. पाहुणा बशीत ओतून, फुंकून, सावकाश पितो. चार सुखदुःखाच्या गोष्टी निघतात. हा आनंद लहान, पण खरा.

ही कॉफी येते कोठून? कॉफीचे झुडूप असते. त्याला बोरासारखी लाल फळे लागतात. एका फळात बहुधा दोन बिया असतात. त्या वाळवतात, भाजतात, दळतात. झाली कॉफीची पूड! भारतात सर्वांत जास्त कॉफी कर्नाटकात पिकते. बाबा बुडन नावाच्या फकिराने १७ व्या शतकात तिचे बी अरबस्तानातून आणले, असे सांगतात. आपल्या विदर्भातही चिखलदऱ्याच्या डोंगरात कॉफी होते.

पण प्रत्येक पुडीत निव्वळ कॉफी नसते. पुष्कळ पुड्यांत चिकोरी असते. चिकोरी म्हणजे एका रोपाची मुळी. ती भाजून दळली की कॉफीसारखीच दिसते. तिने रंग गडद होतो, चव कडसर होते. ती काही विष नव्हे, अनेकांना आवडतेही. पण ती कॉफीपेक्षा स्वस्त असते. म्हणून पुडीत कॉफी किती व चिकोरी किती, हे छापलेच पाहिजे, असा कायदा आहे. अशा मिश्रणात १०० भागांत कॉफी ५१ भागांहून कमी चालत नाही.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक बाई येत. एकदा त्या हिरमुसून म्हणाल्या, "गुरुजी, व्याह्यांनी कापी अर्धी तशीच ठेवली जी. कडू झाली होती. माझा हात बिघडला का?" आम्ही म्हटले, "हाताला दोष देऊ नका. पुडी आणा."

पुडीवर अक्षरे इंग्रजी होती. ती शाळकरी नातीने वाचली. आकडे मात्र बाईंनी बोट ठेवून स्वतः वाचले. कॉफी ५३, चिकोरी ४७. बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे जवळपास निम्मी मुळीच आणली की मी!"

पुढच्या खेपेस त्यांनी दुकानातच पुडी वाचली. "दुसरी दाखवा," म्हणाल्या. कॉफी जास्त असलेली पुडी निवडली, मगच पैसे दिले. व्याही पुन्हा आले, तेव्हा कप रिकामे झाले.

तुम्हीही घेण्याआधी पुडी वाचा. कोणती घ्यायची ते मग तुम्ही ठरवा. आणि एक लक्षात ठेवा. निजण्याआधी कॉफी घेऊ नका, झोप उडते. भजनाची रात्र असेल, तर मात्र गोष्ट वेगळी!