सिंहाच्या डोळ्यांतलं पाणी

धार्मिक बालसाहित्य म्हटलं, की मला गोष्टीच्या शेपटाला बांधलेलं तात्पर्य आठवतं. सी. एस. लुईस यांची ‘नार्निया’ मालिका (१९५० ते १९५६, सात पुस्तकं) मात्र वेगळी. तिच्यातला अस्लान हा सिंह म्हणजे ख्रिस्ताचंच रूप. पण तो प्रवचन झोडत नाही.

१९०८ साली लुईस यांची आई कर्करोगाने गेली. ती बरी व्हावी म्हणून नऊ वर्षांच्या मुलाने प्रार्थना केली होती. पुढे त्याने देवच नाकारला आणि १९३१ मध्ये तो ख्रिस्ती श्रद्धेकडे परतला. १९५५ च्या ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’मध्ये डिगरी हा मुलगा आजारी आईसाठी अस्लानची विनवणी करतो. वर पाहतो, तर सिंहाच्याच डोळ्यांत टपोरे अश्रू! गोष्टीतली आई मग जादूचं सफरचंद खाऊन बरी होते.

लेखकाला श्रद्धा तारते ती अशी. स्वतःला न मिळालेलं दुसऱ्याच्या लेकराला द्यायचं बळ ती देते. १९६० मध्ये पत्नीही कर्करोगानेच गेली, तेव्हा लुईस यांनी देवाला रोखठोक जाब विचारणारं पुस्तक टोपणनावाने लिहिलं. श्रद्धा मात्र सोडली नाही. अशा माणसाची गोष्ट कुठल्याही धर्माच्या मुलाच्या हाती मी निर्धास्तपणे देईन.