सीताफळावरची काळी रांग

अंगणातल्या सीताफळावर मुंगळ्यांची रांग चढली की घरातला प्रत्येक माणूस झाडाचा डॉक्टर होतो. आजी म्हणते, "बुडाला हळद टाक." काका म्हणतो, "दुकानातून पावडर आणतो, पाच मिनिटांत साफ!" शेजारच्या काकू भिंतीपलीकडूनच ओरडतात, "अगं, चुलीतली राख फेका, राख!" मुंगळे कुणाचंच ऐकत नाहीत. त्यांचं आपलं खाली-वर, खाली-वर चालूच.

या सगळ्या गडबडीत एक प्रश्न विचारायचा राहून जातो. हे मुंगळे वर जातात कशाला?

पानं खायला? मग पानं नीट बघा. कुठे कुरतडल्याची खूण दिसते का? नाही दिसणार. पानांचे तुकडे कापून वारुळात नेणाऱ्या मुंग्या जगात आहेत, पण त्या अमेरिका खंडात. आपल्याकडे त्या नाहीत. बरं, मग फळं खायला म्हणावं, तर फळं अजून हिरवी, दगडासारखी टणक.

म्हणून पहिलं काम हळदीचं नाही, पावडरीचंही नाही. पहिलं काम बघायचं. शक्य असेल तर भिंग घ्या आणि रांगेच्या मागे मागे नजर न्या. एक गंमत बुंध्यावरच दिसेल. वर जाणाऱ्या मुंगळ्याचं पोट बघा, मग खाली येणाऱ्याचं बघा. खाली येणारं पोट टम्म फुगलेलं असतं, इतकं की त्यावरचे काळे पट्टे एकमेकांपासून लांब सरकतात आणि मधली पातळ कातडी उन्हात चमकते. म्हणजे साहेब वर काहीतरी पिऊन आलेत!

रांग बुंध्यावरून फांदीवर, फांदीवरून देठावर आणि देठावरून फळावर जाते. सीताफळाचे ते फुगीर डोळे असतात ना, त्यांच्या मधल्या खाचांमध्ये तुम्हाला पांढरं पांढरं काहीतरी दिसेल. बुरशी वाटेल, पण काडीने हळूच हलवा. पाय फुटतील! हा पिठ्या ढेकूण. शेतकरी त्याला मिलीबगही म्हणतात. लांबीला जेमतेम तीन-चार मिलिमीटर, आणि अंगावर स्वतःच तयार केलेल्या पांढऱ्या मेणाचा थर.

पिठ्या ढेकणाचं तोंड सुईसारखं बारीक आणि पोकळ. ते झाडात खुपसायचं आणि रस ओढत बसायचं, एवढाच त्याचा दिवसभराचा उद्योग. आता झाडाच्या रसात साखर भरपूर, पण अंग वाढवायला लागणारे बाकीचे पदार्थ अगदी थोडे. ते पुरेसे मिळावेत म्हणून हा किडा रस पीतच राहतो, पीतच राहतो, आणि नको असलेली साखर पाण्याबरोबर मागच्या बाजूने सोडून देतो. होय, बरोबर वाचलंत. मुंगळे ज्यासाठी एवढं झाड चढून येतात, ती पिठ्या ढेकणाची शी आहे. तोंड वाकडं करू नका, आपण खातो तो मधसुद्धा मधमाशीच्या पोटातूनच आलेला असतो.

मुंगळा ढेकणाजवळ जातो आणि आपल्या मिशांनी त्याच्या पाठीवर टकटक करतो. लगेच मागच्या टोकाला काचेसारखा स्वच्छ थेंब येतो. मुंगळा तो पितो आणि पुढच्या ढेकणाकडे वळतो. वासरू ढुसण्या देतं आणि गाय पान्हा सोडते, तसाच हा प्रकार. आणि गाय पाळायची तर तिची राखणही करावी लागते. ढेकूण खाणारी लेडीबर्ड जवळ आली की मुंगळे तिच्या अंगावर धावून जातात, पायाला चावतात, हाकलून लावतात. ढेकणाच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारक्या माश्यांनाही ते टिकू देत नाहीत. राखणदार असले की ढेकूण निवांत वाढतात. ढेकूण वाढले की आणखी मुंगळे येतात.

मुंगळ्यांना सगळे थेंब काही पिऊन संपवता येत नाहीत. उरलेला चिकट पाक पानांवर, फळांवर सांडतो, त्यावर काळी बुरशी धरते आणि फळ काजळी फासल्यागत दिसतं. अंगणातल्या झाडाचं ठीक आहे, धुऊन खाऊ. पण ज्यांचं पोटच सीताफळावर आहे, त्यांच्यासाठी ही चेष्टा नाही. बालाघाटाच्या डोंगररांगांत सीताफळ कुणी न लावताही उगवतं, आणि बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे 'बीडचं सीताफळ' हे नाव आता हव्या त्या फळाला लावता येत नाही. अंबाजोगाईला तर सीताफळाचं खास संशोधन केंद्र आहे. 'धारूर 6' ही जात तिथलीच. असं नावाजलेलं फळ काळं-पांढरं होऊन बाजारात गेलं, तर कोण घेणार?

आणखी एक गोष्ट मला फार मजेशीर वाटते. सीताफळाच्या बियांत किड्यांना मारणारं विष असतं. म्हणून तर जुन्या बायका बियांची पूड उवांसाठी वापरायच्या. (तुम्ही वापरू नका. डोळ्यात गेली तर डोळा जायची वेळ येते.) एवढं विष पोटात बाळगणारं फळ, आणि सालीवर ढेकूण खुशाल पिकनिक करतायत!

आता आजीच्या हळदीकडे आणि काकाच्या पावडरीकडे वळू.

मुंग्यांची रांग म्हणजे वासाची रेघ. अन्न सापडलेली मुंगी परतताना पोटाचं टोक जमिनीला टेकवत वास सोडत येते आणि बाकीच्या त्या वासावरून निघतात. एडवर्ड विल्सन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने एका जातीच्या मुंगीच्या पोटातली इवलीशी ग्रंथी काढली आणि ती चिरडून नुसती एक रेघ ओढली. मुंग्या बाहेर पडून त्या रेघेवरून धावत सुटल्या! हे संशोधन 1959 मध्ये प्रसिद्ध झालं. तुम्हीही भिंतीवरच्या रांगेत करून बघा: दोन मुंग्यांच्या मधल्या मोकळ्या जागेवर ओलं बोट आडवं फिरवा. पुढची मुंगी तिथे येऊन थबकेल, मिशा हलवेल, गोंधळेल. थोड्या वेळाने एखादी धीट मुंगी पलीकडे जाते आणि रस्ता पुन्हा सुरू.

हळद, राख यांनी होतं ते एवढंच, वास झाकला जातो. वारा आला, पाणी घातलं की रांग परत. पावडरीने रांगेतल्या मुंग्या मरतात हे खरं, पण राणी जमिनीखाली असते. ती कधी रांगेत येतच नाही. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी पाळीव घरट्यात जवळजवळ 29 वर्षं जगली होती. म्हणजे काकाने लहानपणी मारलेल्या मुंग्यांची आई काकाच्या लग्नालासुद्धा हयात असू शकते! शिवाय ती पावडर आणि मुंग्या मारायचा खडू, दोन्ही विषारी असतात. भाजीच्या वाफ्यात तर नकोच, आणि तुमच्या हातात मुळीच नको.

मग करायचं काय? राखणदाराला ढेकणापर्यंत पोचू द्यायचं नाही. बुंध्याला प्लास्टिकची रुंद पट्टी घट्ट बांधायची आणि तिच्यावर ग्रीस फासायचं. ग्रीस थेट सालीवर नको, झाडाला त्रास होतो. सालीला खळगे असतील तर मुंगळे पट्टीखालून वाट काढतील, म्हणून तिथे आधी चिखल भरायचा.

झालं? नाही. इथे तुम्हाला पुण्यातली एक जुनी चोरी सांगायलाच हवी.

कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा इंग्रज फौजेतला अधिकारी पुण्यात राहायचा. माणूस भारी चौकस. त्याच्या व्हरांड्यात एका टेबलावर फळं, केक, मुरंबे ठेवलेले असत. मुंग्या येऊ नयेत म्हणून टेबलाचे चारही पाय पाण्याच्या भांड्यांत. आपण गुळाचा डबा ताटातल्या पाण्यात ठेवतो, तीच युक्ती. काही दिवसांनी मुंग्या ते पाणी ओलांडून गोडावर! मग त्याने टेबलाच्या पायांना टर्पेंटाइनचा गोल पट्टा फासला. थोडे दिवस शांतता. आणि पुन्हा मुरंब्यात मुंग्या! साहेब चक्रावला. शेवटी त्याने चोराला पकडलंच. टेबलाला लागून भिंत होती, मध्ये इंचभर फट. एक मोठी मुंगी भिंतीवर टेबलाच्या वर फूटभर चढली आणि तिथून तिने अंग खाली सोडून दिलं. थेट खाऊवर! साइक्सने हे 1835 मध्ये छापून ठेवलं आहे.

म्हणून पट्टी बांधलीत की वर बघा. एखादी फांदी कंपाउंडच्या भिंतीला टेकलीय? कपड्यांची दोरी झाडाला बांधलीय? बुडाशी वाढलेलं गवत पट्टीच्या वर पोचतंय? मग तुमच्या ग्रीसचा काही उपयोग नाही. फांदी छाटा, दोरी सोडा, गवत काढा.

याच साइक्सने पुण्यात आणखी एक पाहिलं. पावसाळा लागला होता, पडीक जमिनीवर मूठ-मूठभर गवताच्या बियांचे ढीग पडले होते आणि शेकडो मुंग्या जमिनीतून आणखी बी वर आणत होत्या. कोठारात पाणी शिरलं असावं, म्हणून ऊन पडताच धान्य वाळत घातलं होतं! तुमच्या अंगणातही भोकाभोवती भुसकटाचं कडं दिसलं, तर त्या बी गोळा करणाऱ्या मुंग्या. त्यांचा सीताफळाशी काही संबंध नाही. त्यांच्यावर पावडर टाकणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

पट्टी बांधून झाली की उरले ढेकूण. नळीने पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी बरेच खाली पडतात. जास्त असतील तर मोठ्या माणसांना निंबोळी अर्क फवारायला सांगा. अगदी भरलेली एखादी फांदी असेल तर ती कापून लांब टाकलेली बरी. आणि मग थोडं थांबा, कारण आता राखणदार नाहीत, लेडीबर्ड येऊ शकते.

या लेडीबर्डांमधली एक पाहुणी ओळखून ठेवा. नाव लांबलचक आहे, क्रिप्टोलेमस. मूळची ऑस्ट्रेलियाची, 1898 मध्ये मुद्दाम भारतात आणलेली. पाठ काळपट, डोकं नारिंगी. फळबागांत ती आजही सोडतात, कारण पिठ्या ढेकूण हे तिचं आवडतं जेवण. पण गंमत तिच्या अळीत आहे. अळीच्या अंगावरही पांढऱ्या मेणाचे धागे असतात आणि ती हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते! चावायला गेलेल्या मुंगीच्या तोंडात नुसतं मेण येतं. अळी ढेकणांच्या कळपात बसून ढेकूणच खात असते.

मुंगीचं एक वेळ ठीक आहे, माणसंही फसतात आणि काडीने अळीच चिरडतात. म्हणून काडी उचलण्याआधी बघा: ढेकूण जागचा फारसा हलत नाही. जी पांढरी गोष्ट ढेकणापेक्षा मोठी आहे, जिच्या अंगावरचे धागे लांब, लोंबते आहेत आणि जी तुरुतुरु चालते आहे, तिला हात लावायचा नाही. तिचं जेवण चाललं आहे.