फरक मोजणारे यंत्र आणि चित्ताचे स्थान

ध्यानस्थ साधकाचे चित्त विज्ञानाने मोजले आहे, असे विधान धम्मप्रवचनांतून पुष्कळदा ऐकू येते. कालामांना तथागतांनी केलेला उपदेश ज्यांना मान्य आहे त्यांनी ते पारखल्यावाचून स्वीकारणे योग्य नव्हे. त्यासाठी ज्या यंत्राचा हवाला दिला जातो ते प्रत्यक्षात काय मोजते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

मेंदूतील हजारो चेतापेशी एकाच वेळी उद्दीपित झाल्या म्हणजे सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो आणि त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. डोक्याबाहेर या क्षेत्राची तीव्रता सुमारे १०० फेम्टोटेस्ला भरते. भुसावळ परिसरात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र साधारणतः ४० ते ४५ हजार नॅनोटेस्ला आहे, म्हणजे मेंदूच्या क्षेत्राच्या ४० कोटी पटींहून अधिक. त्यात २५ हजार व्होल्टच्या तारांखालून दिवसरात्र धावणाऱ्या मालगाड्यांची भर पडते. अशा कोलाहलात ही कुजबुज ऐकायची कशी?

एक मार्ग दूर निघून जाण्याचा. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर त्या नोंदी बिघडणार हे उघड झाले. तत्कालीन संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत अलिबाग येथे १९०४ मध्ये नवी वेधशाळा सुरू झाली. दोन्ही ठिकाणी काही काळ एकाच वेळी नोंदी घेऊन मगच कुलाब्याचे काम थांबविण्यात आले. १९०७ मध्ये ट्राम धावू लागली. अलिबागच्या इमारतीसाठी चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड वापरला, कारण आपला काळा पाषाण स्वतःच चुंबकीय आहे.

दुसरा मार्ग वजाबाकीचा आणि तोच ग्रॅडिओमीटरचा, अर्थात प्रवणतामापकाचा होय. समजा, रेल्वे यार्डात इंजिनाची शिटी वाजत आहे आणि आपल्याजवळ कोणी कुजबुजत आहे. चार बोटांच्या अंतरावर दोन ध्वनिग्राहक ठेवले तर दूरची शिटी दोहोंत जवळजवळ सारखीच येईल. कुजबुज मात्र जवळच्यात अधिक येईल. एकातून दुसरे वजा केले की शिटी जाते, कुजबुज उरते. ग्रॅडिओमीटरमध्ये तारेची दोन वेटोळी परस्परविरुद्ध दिशेने गुंडाळून जोडतात, त्यामुळे ही वजाबाकी तारेतच होते. अलिबागला हा उपाय चालला नसता. तेथे जे मोजायचे ते पृथ्वीचे क्षेत्रच या वजाबाकीत नाहीसे होते!

गुरुत्वाकर्षणाच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. धावत्या गाडीत एकच गुरुत्वमापक ठेवला तर गाडीचा धक्का कोणता आणि पृथ्वीची ओढ कोणती, हे त्याला सांगता येत नाही. दोन मापकांना धक्का सारखाच बसतो, म्हणून त्यांच्यातील फरक खरा. हंगेरीचे लोरांड ओटव्होश यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशी तुला सिद्ध केली. २०२२ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी अतिशीत अणूंच्या साहाय्याने या पद्धतीने जमिनीखालील बोगदा शोधल्याचे प्रसिद्ध केले.

धम्माच्या अभ्यासकांना यापेक्षा जवळचे उदाहरण तिलौराकोटचे आहे. नेपाळमधील हे स्थळ प्राचीन कपिलवस्तू असावे असे अनेक विद्वान मानतात. रॉबिन कॉनिंगहॅम आणि कोशप्रसाद आचार्य यांच्या नेतृत्वाखालील पथकाच्या कार्यात येथे चुंबकीय सर्वेक्षण झाले आणि कुदळ लावण्यापूर्वीच रस्त्यांची व भिंतींची आखणी नकाशावर उमटली. भाजलेली वीट थंड होताना पृथ्वीचे चुंबकत्व धारण करते, ते यंत्राला जाणवते. आपल्या खानदेशात हे इतके सुलभ नाही. अजिंठ्याची लेणी ज्या लाव्ह्याच्या थरांत कोरली, त्याच पाषाणाचे तुकडे शेतोशेती विखुरलेले असल्याने पुरलेल्या विटेचा क्षीण संकेत त्यांत हरवण्याचा संभव फार.

आता मेंदूकडे वळू. डेव्हिड कोहेन यांनी १९६८ मध्ये तांब्याच्या वेटोळ्याने आणि १९७२ मध्ये ‘स्क्विड’ या अतिसंवाहक उपकरणाने मेंदूचे चुंबकीय क्षेत्र नोंदविले. हे उपकरण उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हेलियममध्ये ठेवावे लागते. भोवती विशिष्ट मिश्रधातूच्या भिंतींची खोली लागते, आणि तरीही वजाबाकी सुटत नाही. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने अशी यंत्रणा देशातच उभारली. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत अपस्माराचा उगम मेंदूत कोठे आहे हे शोधण्यासाठी ती वापरली जाते. रुग्णाच्या दृष्टीने हा उपयोग लाखमोलाचा आहे.

परंतु नोंद होते ती दोन बिंदूंवरील क्षेत्रांच्या फरकाची. त्या फरकावरून आतील प्रवाहाचे अनुमान करावे लागते, आणि बाहेरची एकच आकृती आतील अनेक भिन्न रचनांतून उद्भवू शकते, हे हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्येच दाखवून दिले होते. शिवाय कवटीच्या पृष्ठभागाशी काटकोनात वाहणारे प्रवाह बाहेर जवळजवळ दिसतच नाहीत. साधकाच्या आणि इतरांच्या आलेखांत भेद आढळला तर तो मेंदूच्या व्यापारातील भेद होय. त्याला चित्ताचे मापन म्हणणे हा शब्दांचा अतिव्यय आहे. आणि त्या आधारावर ‘ध्यानलहरी’ मोजणारी उपकरणे कोणी उपासकांना विकत असेल, तर त्याला विहारात थारा देऊ नये.

अभिधम्माने याबाबत दाखविलेला संयम लक्षणीय आहे. मनोविज्ञान एका रूपाच्या आश्रयाने प्रवर्तते एवढेच पट्ठान सांगते. ते रूप शरीरात कोठे, हे तेथे सांगितलेले नाही. ‘हदयवत्थु’ हे नाव देऊन ते हृदयात ठेवले अट्ठकथाकारांनी. योगायोग असा की, याच यंत्रांनी हृदयाचे चुंबकीय क्षेत्रही मोजता येते आणि ते मेंदूच्या क्षेत्राहून शंभर पटींपेक्षा अधिक प्रबळ असते. मेंदूचा आलेख घेताना तंत्रज्ञ ते व्यत्यय म्हणून वगळून टाकतात.