कर्नल सर्वांचे, चावी कोणाकडे?

१७ नोव्हेंबर २०२४ रोजी लिनक्स कर्नलची ६.१२ ही आवृत्ती जाहीर झाली. संगणकतज्ज्ञांनी तिचे कौतुक केले. आम्ही पडलो कायद्याची माणसे. आम्हाला या आवृत्तीत दोन गोष्टी दिसल्या. एक अभिमानाची, दुसरी काळजीची.

कर्नल म्हणजे यंत्र आणि त्यावर चालणारे प्रोग्राम यांच्यामधला कारभारी. प्रोसेसर कोणाला किती वेळ द्यायचा, मेमरी कोणाला किती द्यायची, हे तोच ठरवतो. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये हे काम सुरू केले आणि १९९२ मध्ये ते जीपीएल परवान्याखाली आणले. आज वाचकांच्या खिशातील अँड्रॉइड फोनही याच कर्नलवर चालतो.

हा परवाना आम्हाला मोलाचा वाटतो. कोड वापरा, वाचा, बदला, वाटा. अट एकच : तुम्ही तो पुढे वाटलात, तर घेणाऱ्यालाही हेच हक्क द्या. म्हणजे मक्तेदारीसाठी वापरला जाणारा कॉपीराइट कायदाच येथे मक्तेदारी रोखतो! हे नुसते सदिच्छेचे कागद नाहीत. कर्नलमधील कोड अटी न पाळता विकणाऱ्या एका कंपनीविरुद्धचा मनाईहुकूम म्युनिकच्या न्यायालयाने मे २००४ मध्ये कायम केला.

अशा खुल्या कामात काय घडू शकते, ते ६.१२ ने दाखवले. ठरलेल्या वेळेच्या आत काम सुरू होईलच, अशी हमी देणारी ‘रिअल-टाइम’ व्यवस्था या आवृत्तीत मुख्य कर्नलमध्ये आली. यंत्रमानवाचा हात थांबवायला उशीर झाला तर माणूस जखमी होतो. तेथे ही हमी लागते. थॉमस ग्लाइक्सनर आणि सहकारी त्यासाठी सुमारे वीस वर्षे झटत होते. हे काम मूळ कर्नलच्या बाहेर राहिले, पण मेले नाही. कारण कोड खुला होता.

आता काळजीची गोष्ट. याच आवृत्तीची तयारी चालू असताना, ऑक्टोबर २०२४ मध्ये, देखभाल करणाऱ्यांच्या यादीतून सुमारे डझनभर नावे काढली गेली. त्यांतील बहुतेक रशियाशी संबंधित होती. नियमांचे पालन करावे लागते आणि पुरेशी कागदपत्रे दिल्यास परत येता येईल, एवढेच त्या नोंदीत होते. कोणते नियम? कोणती कागदपत्रे? अमेरिकेच्या निर्बंधांचा खुलासा मागाहून झाला.

युक्रेनवरील रशियाच्या आक्रमणाचे समर्थन आम्ही करीत नाही. लिनक्स फाउंडेशन अमेरिकेत आहे. तिला तेथील कायदा पाळावाच लागेल, हेही मान्य. पण आधी कारण सांगा, म्हणणे ऐका, मग नाव काढा. नैसर्गिक न्यायाचा हा पहिला धडा आहे. तो कर्नलला लागू नाही काय?

परवान्याने कोडवरचा हक्क दिला, पदावरचा दिला नाही. वगळलेला माणूस आजही ६.१२ उतरवून घेऊ शकतो, बदलू शकतो. पण त्याचा बदल मुख्य कर्नलमध्ये घ्यायचा की नाही, हे दुसराच ठरवतो. कोडसाठी लेखी, स्पष्ट परवाना आहे. माणसांना घेण्या-काढण्यासाठीही तितकीच स्पष्ट, लेखी नियमावली हवी. ज्यांनी कारभार उघड्यावर करण्याचा धडा जगाला दिला, त्यांच्याकडून एवढी अपेक्षा करणे गैर आहे काय?