प्रार्थनेला गेल्याने माणूस सुधारतो का?

गेल्या महिन्यात नायगावच्या एका विहारात रविवारची वंदना आटोपल्यावर आम्ही व्यसनमुक्तीवर बोलायला उभे राहिलो. बोलणे संपायच्या आतच बीडीडी चाळीतली एक ताई उठली. म्हणाली, “माझा दीर वर्षापूर्वी प्रार्थनेला जायला लागला. आता तो स्वतःला विश्वासी म्हणवतो. त्याची दारू सुटली, पगार घरात यायला लागला, जावेवर उठणारा हात थांबला. माझा नवरा दर जयंतीला बावीस प्रतिज्ञा म्हणतो आणि रात्री बारमध्ये जाऊन बसतो. मग मला सांगा, त्यांचा धर्म माणसाला जास्त चांगला करतो का?”

विहारात शांतता पसरली. मागून एक काका म्हणाले, “ही सगळी आमिषं आहेत. पैसे देतात ते लोक.” ताई वळून म्हणाली, “माझ्या जावेला पैसे नाही मिळाले. शुद्धीवर असलेला नवरा मिळाला.”

परळ, लालबाग, नायगावच्या वस्त्यांत कुटुंबांबरोबर काम करताना हा प्रश्न आम्हाला वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. त्यावर रागावून उपयोग नाही आणि ‘आपला धम्म श्रेष्ठ आहे’ एवढे सांगून तो मिटतही नाही. म्हणून तो इथे नीट उलगडून पाहू.

एका प्रश्नात तीन प्रश्न

‘ख्रिस्ती झाला’ असे आपण म्हणतो तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बोलत असतो. पहिली, श्रद्धा जाहीर करणे: ‘मी येशूला मानतो’ असे चारचौघांत म्हणणे. दुसरी, एका समूहात सामील होणे: दर आठवड्याला जाणे, भेटणे, एकमेकांची चौकशी करणे. तिसरी, प्रत्यक्ष वागणूक: दारू, मारहाण, खोटेपणा, जातीचा अहंकार. पहिल्या गोष्टीने तिसरी बदलते असा सर्वसाधारण समज आहे. तो तपासायला हवा.

अभ्यास काय सांगतात

अमेरिकेत १९७३ साली डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेत पाद्री होण्यासाठी शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवले. काहींच्या भाषणाचा विषय होता बायबलमधल्या दयाळू शोमरोनी माणसाची गोष्ट, म्हणजे रस्त्यात पडलेल्या जखमीला मदत करणाऱ्याची गोष्ट. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला असेल अशी व्यवस्था केली होती. ज्यांना ‘उशीर झाला, लवकर जा’ असे सांगितले होते, त्यांच्यापैकी फक्त १० टक्के थांबले. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. डोक्यात शोमरोनी माणसाची गोष्ट आहे की दुसरा विषय, याने लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. हातात वेळ किती आहे, याने पडला.

२०१४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिका आणि कॅनडातील १,२५२ प्रौढांचा अभ्यास आला. त्यांच्या फोनवर दिवसातून अनेकदा विचारणा होई : गेल्या तासाभरात तुम्ही काही चांगले किंवा वाईट केले का, पाहिले का? धार्मिक आणि धर्म न मानणारे यांच्यात चांगल्या-वाईट कृत्यांच्या प्रमाणात फरक आढळला नाही.

याच्या उलट दावाही आपण डोळे झाकून उचलू नये. २०१५ साली सहा देशांतील मुलांवरचा एक अभ्यास गाजला. धार्मिक घरांतली मुले कमी उदार असतात, असा त्याचा निष्कर्ष. नास्तिक मंडळींनी तो डोक्यावर घेतला. पण आकडेमोडीत देशांची नोंद चुकीची धरली गेल्याचे निघाले आणि २०१९ साली तो मागे घ्यावा लागला. आपल्याला आवडणारा निष्कर्ष म्हणजे खरा निष्कर्ष नव्हे.

आपल्या देशातला एक आकडा पाहा. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या ख्रिस्ती समाजात ९५८, बौद्ध समाजात ९३३ आणि हिंदू समाजात ९१३ होती. म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेमुळे मुली वाचल्या का? इतकी उडी मारता येत नाही. ख्रिस्ती लोकसंख्येचा मोठा भाग केरळात, ईशान्य भारतात आणि आदिवासी पट्ट्यांत आहे. तिथली कुटुंबपद्धती, शिक्षण, हुंड्याचे प्रमाण वेगळे आहे. धर्म हा त्यातला एक धागा आहे, सगळे कापड नव्हे. आपल्या ९३३ बद्दल बोलतानाही हेच भान ठेवावे लागेल.

गिरगावातली साक्ष

या प्रश्नाचा एक जुना धागा गिरगाव चौपाटीशी जोडलेला आहे. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी तिथे विधवा आणि निराधार स्त्रियांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढच्याच वर्षी ते पुण्याला गेले. तेव्हा रमाबाई ख्रिस्ती होत्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. पण स्त्रियांसाठी त्यांचे काम त्याआधीचे आहे. १८८२ साली पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगासमोर स्त्रीशिक्षणासाठी साक्ष दिली, तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या.

मग त्या ख्रिस्ती धर्माकडे वळल्या कशाने? लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनी, समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना आधार देऊन सांभाळत असल्याचे त्यांनी पाहिले. त्याचा खोल परिणाम झाल्याचे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. म्हणजे आधी वागणूक दिसली आणि मग श्रद्धा आली. पुढेही चर्चमधल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेला प्रत्येक सिद्धांत त्यांनी निमूटपणे मानला नाही. करुणा घेतली, पण प्रश्न विचारणे सोडले नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचेही तसेच. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई सोवळे सोडायला तयार नव्हत्या. नंतर त्यांच्या मनात विचार पक्का झाला की जात देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे, आणि त्यांनी शिवाशिव टाकली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हा क्रम स्पष्ट दिसतो.

चर्चच्या आत आलेली जात

श्रद्धा जाहीर केल्याने वागणूक आपोआप बदलत असती, तर भारतातल्या चर्चमध्ये जात उरली नसती. पण ती उरली. गोव्यातल्या कॅथलिकांत बामण, चारडे, सुदीर हे भेद पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. दक्षिणेत दलित ख्रिस्तींसाठी वेगळी बसण्याची जागा आणि वेगळी दफनभूमी अशा तक्रारी आजही होतात. भारतीय कॅथलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने २०१६ साली दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले. सुमारे १.९ कोटी कॅथलिकांपैकी १.२ कोटी दलित असूनही नेतृत्वात त्यांचे स्थान नगण्य असल्याचे त्यात मान्य केले. पहिला दलित कार्डिनल व्हायला २०२२ साल उजाडावे लागले.

बाबासाहेबांनी ही गोष्ट फार आधी ओळखली होती. ३१ मे १९३६ रोजी याच नायगावात, मुंबई इलाखा महार परिषदेत त्यांनी ‘मुक्ती कोन पथे?’ हे भाषण केले. मुसलमान आणि ख्रिस्ती समाजांतही जातिभेद आहे, हा आक्षेप त्यांनी नाकारला नाही. पण त्यांनी महत्त्वाचा फरक दाखवला : त्या समाजांना जात मोडायची असेल तर त्यांचा धर्म आड येत नाही, हिंदूंना मात्र जात मोडायची तर धर्मालाच हात घालावा लागतो. पुढे धर्मांतरित ख्रिस्तींच्या स्थितीवर लिहिताना त्यांनी दुसरीही उणीव नोंदवली. माणसाच्या दुःखाचे कारण त्याचे स्वतःचे पाप, असे शिकवले गेल्याने तो अन्यायी समाजव्यवस्थेविरुद्ध उभा राहत नाही.

म्हणजे नीतीच्या दोन बाजू आहेत. एक घरातली : दारू, मारहाण, शिवी. दुसरी समाजातली : अन्याय दिसल्यावर उभे राहणे. एखादा धर्मसमूह पहिल्या बाजूला कामाला येईल आणि दुसऱ्या बाजूला गप्प राहील, असे होऊ शकते. आपल्याकडे नेमके उलटे होते का, हेही स्वतःला विचारायला हवे. मोर्चात पुढे असणारा कार्यकर्ता घरी बायकोवर हात उगारतो, तेव्हा त्याच्या जय भीममध्ये काय उरते?

मग त्या दिराची दारू सुटली कशी?

आम्ही ताईच्या जावेशी बोललो. तिने सांगितले ते असे. आठवड्यातून दोनदा कुणाच्या तरी घरी बैठक असते. नवरा-बायको दोघांना बोलावतात. माणूस आला नाही तर दुसऱ्या दिवशी दोघे-तिघे घरी येतात, ओरडत नाहीत, चहा घेऊन बसतात. पगाराच्या दिवशी संध्याकाळी मुद्दाम फोन येतो. बायकोला सगळ्यांसमोर बोलता येते. जुन्या टेबलावरचे मित्र सुटले, त्यांची जागा नव्या माणसांनी घेतली.

यातली कोणती गोष्ट फक्त बायबलमध्ये आहे? एकही नाही. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत एका ख्रिस्ती चळवळीच्या प्रभावातून सुरू झाली, पण आज तिच्या बैठकीत कोणत्याही धर्माचा किंवा धर्म न मानणाराही बसतो. २०२० साली कोक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ही पद्धत इतर उपचारांइतकी किंवा त्यांहून अधिक परिणामकारक ठरली. कामाला येते ती नियमित बैठक, बरोबरीच्या माणसांची सोबत आणि हिशेब विचारणारे कुणीतरी.

दोन गोष्टी इथे सांगायलाच हव्यात. पहिली, आपल्याला सुटलेला माणूस दिसतो. प्रार्थनेला गेला, पुन्हा प्यायला लागला आणि जाणे बंद केले, तो दिसत नाही. त्यामुळे यश आहे त्यापेक्षा मोठे भासते. दुसरी, काही बैठकांत ‘गोळ्या बंद करा, प्रार्थनेने बरे व्हाल’ असे सांगितल्याचे आम्ही ऐकले आहे. हे धोक्याचे आहे. जास्त पिणाऱ्याने दारू अचानक सोडली तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. त्यासाठी डॉक्टरच हवा, आणि परळचे केईएम आपल्याला चालत जाण्याइतके जवळ आहे. पण या कारणाने कुणाची प्रार्थना उधळणे, धमकावणे हे आपले काम नाही. श्रद्धेचे स्वातंत्र्य संविधानाच्या २५ व्या कलमात आहे. तेच स्वातंत्र्य वापरून आपण बौद्ध झालो.

आपल्याकडे काय कमी पडते

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेब सांगतात की इतर धर्मांत नीती ही मागून जोडलेली गोष्ट आहे, धम्मात मात्र नीती हाच गाभा आहे. हे वाचून आपण खूश होतो. पण त्याचा अर्थ असा की नीती गेली तर आपल्याकडे मागे काहीच उरत नाही. ख्रिस्ती माणूस चुकला तरी त्याचा देव उरतो. आपण चुकलो तर उरते ते फक्त नाव.

आणखी एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. १९५० साली बुद्धधम्माच्या भवितव्यावर लिहिताना बाबासाहेबांनी भिक्खू संघाला स्पष्ट सुचवले होते की त्याने ख्रिस्ती धर्मगुरूंचे, विशेषतः जेझुइटांचे, काही गुण घ्यावेत. शिक्षण आणि आरोग्यसेवा यांच्या बळावर तो धर्म आशियात पसरला, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. ख्रिस्ती बैठकीतून काही शिकणे हा धम्मद्रोह असेल, तर मग बाबासाहेबांच्या या सूचनेला काय म्हणायचे?

पंचशीलातल्या प्रत्येक शिलाला ‘सिक्खापद’ म्हणतात. म्हणजे ती आज्ञा नाही, शिकण्याची पायरी आहे. दारू न पिण्याची सतरावी प्रतिज्ञा म्हटली की काम संपत नाही, तिथून सुरू होते. शिकायचे तर वर्ग लागतो, सोबती लागतात, चुकल्यावर समजावणारा लागतो. आपण शीलग्रहणाचा सोहळा करतो आणि वर्ग भरवायला विसरतो.

त्या रविवारी ताईला आम्ही एवढेच सांगितले : तुझ्या दिराला धर्माच्या नावाने बदलले नाही, आठवड्यातून दोनदा दार वाजवणाऱ्या माणसांनी बदलले. ती म्हणाली, “मग आमचं दार कोण वाजवणार?”

त्या विहारात आता सहा जणांचा गट झाला आहे, तीन पुरुष आणि तीन स्त्रिया. पगाराच्या दिवशी संध्याकाळी ते चाळीतल्या चार घरी जातात. ज्याला औषधाची गरज आहे त्याला केईएमला सोबत नेतात. ताईचा नवरा दोन बैठकांना आला, तिसरीला आला नाही. चौथ्या दिवशी गट त्याच्या घरी गेला. पुढे काय होईल, ते आज सांगता येणार नाही. पण दार वाजले, हे खरे.

आपल्या विहाराच्या पुढच्या बैठकीत एकच प्रश्न ठेवा : गेल्या महिनाभरात आपण कुणाच्या दारी गेलो?

जय भीम.