पालवीचा तांबूस पडदा

चैत्रात आंब्याखाली उभं राहून वर पाहावं. जुनी पानं गर्द हिरवी, पण फांद्यांच्या टोकांना लोंबणारी पालवी तांबूस, जांभळट. हा रंग अँथोसायनिनचा. कोवळ्या पानात उन्हाचं अन्न करणारी यंत्रणा पुरती बसलेली नसते, त्याला सगळं ऊन पेलवत नाही. जास्तीचा प्रकाश हे रंगद्रव्य अडवतं. पान जून झालं की तांबूसपणा ओसरतो. झाडाला सावलीत सरकता येत नाही, म्हणून सावली त्याला अंगातच तयार करावी लागते.

आपल्या त्वचेवर पडतं ते ऊनही हेच. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के ‘यूव्ही-ए’ असतात, बाकीचे ‘यूव्ही-बी’. यूव्ही-बी त्वचेच्या वरच्या थरातल्या डीएनएवर थेट घाव घालतात. कातडी लाल होते, जळजळते, म्हणून ते लगेच कळतं. यूव्ही-ए मात्र खोल उतरतात. त्यांच्यामुळे पेशींतल्या ऑक्सिजनपासून अतिशय क्रियाशील रेणू तयार होतात. त्यांतल्या फ्री रॅडिकलना एक इलेक्ट्रॉन कमी असतो आणि तो ते शेजारच्या स्निग्ध पदार्थांतून, प्रथिनांतून ओढून घेतात. या धुमाकुळात कोलॅजन तोडणारी विकरं जागी होतात आणि त्वचेची वीण उसवत जाते.

साधी काच यूव्ही-बी बहुतांशी अडवते, यूव्ही-ए नाही. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने २०१२ मध्ये ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो छापला होता. २८ वर्षं त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू खिडकीकडे होती. तेवढीच बाजू जाड, खोल सुरकुत्यांची झाली होती. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणजे ऊन उजव्या गालाला.

अँटीऑक्सिडंट स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन फ्री रॅडिकलची ही ओढाताण थांबवतात. जर्मनीत विल्हेल्म श्टाल आणि हेल्मुट सीस यांनी २००१ मध्ये मोजक्या लोकांना रोज ४० ग्रॅम टोमॅटो पेस्ट ऑलिव्ह तेलासोबत दिली. दहा आठवड्यांनी, नुसतं तेल घेणाऱ्यांपेक्षा त्यांच्या त्वचेवर अतिनील किरणांनी येणारी लाली सुमारे ४० टक्के कमी भरली. टोमॅटोतलं लायकोपिन हे अँटीऑक्सिडंट तेलात शिजल्यावर अंगी जास्त लागतं, म्हणून इथे फोडणीतला टोमॅटो कोशिंबिरीपेक्षा सरस. क जीवनसत्त्वाचं उलट: ते उष्णतेने घटतं, म्हणून पेरू कच्चाच खावा, लिंबू वरून पिळावं.

पण फळातलं द्रव्य गोळीत भरलं की ते तसंच वागेल, असं नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. बीटा-कॅरोटिन या अँटीऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग न घेणाऱ्यांपेक्षा १८ टक्के जास्त आढळला होता.

शिवाय टोमॅटो पेस्ट दहा आठवडे खाऊनही लाली कमी झाली, थांबली नाही. म्हणून आधी आडोसा, मग आहार. सनस्क्रीन घेताना एसपीएफबरोबर यूव्ही-एसाठीचं ‘पीए’ चिन्हही पाहावं. आणि कांदाकाढणीला निघालेली बाई पाहावी: डोक्यावर पदर, त्यावर घट्ट बांधलेलं फडकं, साडीवर घरातल्या कुणाचा तरी लांब बाह्यांचा शर्ट. उन्हातून हलता येत नसेल, तर सावली अंगावर वागवायची, हे तिने कधीच ओळखलं आहे.