जादा गाडीला छप्पर करताय? आधी वाऱ्याचा विचार करा

दारात ट्रॅक्टर, ट्रॉली, पिकअप आणि पोराची मोटारसायकल. पडवी मात्र एकाच गाडीपुरती. बाकीच्या उन्हापावसात. नोव्हेंबर २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यात गारपिटीने द्राक्षबागा झोडपल्या, ते तुम्हाला आठवतच असेल. गारा बागेवर पडतात तशा गाडीच्या काचेवरही पडतात.

पक्के बांधकाम परवडत नसेल तर नट-बोल्टचे, सोडवून हलवता येणारे शेड घ्या. सातपूर, अंबडकडे फॅब्रिकेशनची कामे करणारे पुष्कळ आहेत. पण जाण्याआधी टेप घेऊन गाडी मोजा. पिकअप १६-१७ फूट भरते. चहूबाजूंनी दोन फूट मोकळे ठेवा. ट्रॅक्टरची उंची सायलेन्सरच्या टोकापर्यंत धरा, बॉनेटपर्यंत नव्हे.

पाइप आणि पत्रा किती एमएमचा, हे बिलावर लिहून घ्या. नुसत्या प्लॅस्टिक ताडपत्रीचे छप्पर स्वस्त पडते, पण उन्हाने कडक होऊन फाटते.

खरा धोका वाऱ्याचा. वळवाचा वारा खालून शिरला की हलके शेड उचलून शेजाऱ्याच्या घरावर टाकतो. म्हणून खांब नुसते जमिनीवर टेकवू नका; काँक्रीटच्या पायात बोल्टने आवळा. हलवायचे झाले की बोल्ट काढले, काम झाले.

आणि हो, शेड हलते म्हणून रस्त्यावर सरकवू नका. गावात ग्रामपंचायतीत, सातपुरात महापालिकेत आधी विचारा. कडबा आणि डिझेलचे कॅनही त्याच छपराखाली नकोत. गाडी वाचवायला शेड केले आणि गाडीच पेटली, असे व्हायला नको!